हेलिकॉप्टर, ढग आणि 'पायलटची चूक'

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेलं एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळलं. पायलट धरून सात जण गेले. त्यात वणीचे लोक होते. वणी म्हणजे आमच्या हिंगणघाटहून तास-दीड तासाची वाट, या गावातल्या सोयरिकी त्या गावात. त्यामुळे ही बातमी इकडे टीव्हीवरची बातमी म्हणून आली नाही, शेजारच्या घरातली म्हणून आली. पुढचा आठवडाभर नंदोरी चौकापासून बाजार समितीपर्यंत हाच विषय होता. आणि जे काही कानावर पडलं त्या सगळ्याचा अर्क काढला, तर तीनच वाक्यं हाती लागतात.

"देवाच्या दारात गेले, नशीबवान म्हणा."

"पायलटचीच चुकी असन."

"आजकाल तं सारं ऑटोमॅटिक रायते ना बापा, मंग पडलं कसं?"

पहिल्या वाक्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या तोंडावर ते कोणी म्हणून दाखवावं, म्हणजे त्याची किंमत कळेल. बाकीच्या दोन वाक्यांशी मात्र माझं भांडण आहे, कारण ती जोडीनं फिरतात. यंत्र आपोआप उडतं असं एकदा गृहीत धरलं, की ते पडल्यावर दोष द्यायला माणूसच उरतो. ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत ते कळायला हेलिकॉप्टर मुळात उडतं कसं ते थोडं समजून घ्यावं लागतं. मी पायलट नाही. पण वाचून, विचारून समजण्याइतकं ते सोपं आहे.

विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात आपण समजतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे. साधं, नीट बांधलेलं विमान सरळ उडत असताना पायलटनं हात सोडले, तर ते काही वेळ तसंच उडत राहतं. वाऱ्यानं नाक थोडं वर-खाली झालं तर शेपटीचे पंख ते परत जागेवर आणतात. परातीत गोटी ठेवावी तसं. हलवली तरी डुलत डुलत तळाशीच येते. हेलिकॉप्टर म्हणजे पालथ्या परातीवर ठेवलेली गोटी. एका जागी तरंगत असताना ते जरा कललं, की स्वतःहून सरळ होत नाही. कलत्या बाजूला सरकतं, मग उलटीकडे हिंदकळतं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मदतीला कुठलंही यंत्र नसलेल्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये हात सोडले तर काही सेकंदांतच ते हाताबाहेर जायला लागतं. त्यामुळे पायलट एका अर्थानं तळहातावर काठी उभी करून बसलेला असतो, तासन् तास.

ही काठी सांभाळायला त्याला दोन हात आणि दोन पाय, चारही लागतात. डाव्या हातातल्या दांडीनं, म्हणजे कलेक्टिव्हनं, वरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो किंवा कमी होतो. यंत्र वर जातं किंवा खाली येतं. उजव्या हातातल्या दांडीनं, म्हणजे सायक्लिकनं, फिरणारं प्रत्येक पातं ठराविक जागी आलं की त्याचा कोन बदलतो आणि पात्यांचं अख्खं चक्रच पुढे, मागे, बाजूला झुकतं. न फिरणाऱ्या दांडीचा हुकूम फिरणाऱ्या पात्यांपर्यंत नेते ती स्वॅशप्लेट नावाची तबकडी. पायातल्या पॅडलनं शेपटीचा पंखा चालतो. तो नसता तर वरचा पंखा एका दिशेला आणि खालचं धड उलट्या दिशेला गरगरत राहिलं असतं.

मेख अशी, की यातलं एकही हत्यार एकेकटं वापरता येत नाही. वर जायला डावी दांडी ओढली की इंजिनाचा जोर वाढतो, त्यानं धड फिरू लागतं. ते थांबवायला पॅडल दाबलं की शेपटीचा पंखा अख्ख्या यंत्राला बाजूला ढकलतो. ते सावरायला उजवी दांडी हलवली की उंची बदलते. उंची सांभाळायला पुन्हा डावी दांडी. हे चक्र मिनिटामिनिटाला नाही, क्षणाक्षणाला चालू असतं. पाहणाऱ्याला हेलिकॉप्टर हवेत शांत उभं दिसतं, तेव्हा आत हे सगळं चाललेलं असतं.

आता प्रश्न असा, की यंत्र कललंय हे पायलटला कळतं कशानं? डोळ्यांनी. लांबवर क्षितिजाची रेघ दिसते, डोंगराची कड दिसते, झाडं उभी दिसतात. त्यावरून मेंदू हिशेब करतो आणि हात आपोआप सावरतात. ही रेघ पुसली गेली की काय होतं?

इथे मला आमच्या गावातली एक कबर आठवते. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासपासून सुरुवात करून या माणसानं हिंदुस्थानची मोजणी आरंभली, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून डोंगराडोंगरांवर चढवला, आणि मोजत मोजत उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ ला तो इथे वारला. पुढे एव्हरेस्टनं ते काम हाती घेतलं. या सगळ्या प्रचंड उद्योगाच्या मुळाशी दोन साध्या वस्तू होत्या, ओळंबा आणि पाणसळ. गवंडी भिंत बांधताना वापरतो त्याच. डोळ्याला जे सरळ वाटतं ते सरळ असतंच असं नाही, म्हणून ओळंब्याला विचारायचं, हा त्या विद्येचा पहिला धडा.

पण ओळंबा खरं बोलतो तो स्थिर जमिनीवर. हवेत वळणाऱ्या यंत्रात ओळंबा टांगला तर तो पृथ्वीकडे बोट दाखवत नाही, यंत्राच्या तळाकडे दाखवतो. नीट वळण घेणारं विमान तीस अंश कललेलं असतं आणि तुमच्या पुढ्यातल्या कपातला चहा सांडत नाही, त्याचं कारण हेच. आपल्या कानातही निसर्गानं असाच एक ओळंबा आणि पाणसळ बसवली आहे. अंतर्कर्णातल्या नळ्यांमधला द्रव हलला की डोकं फिरल्याचं कळतं. पण फिरणं अगदी हळू असेल तर तो द्रव हलत नाही, आणि एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत तोही बरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटतं की आपण सरळ आहोत. मग पायलट खरोखरच सरळ झाला की त्याला वाटतं आपण उलटीकडे कललो. तो ते 'सावरायला' जातो. ढगात शिरलेल्या माणसाचे हात त्याला असे फसवतात. यात अनाडीपणा नाही की घाबरटपणा नाही. वीस वर्षं उडवणाऱ्याचा कान तुमच्या-माझ्या कानासारखाच असतो.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा झाली. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसेनासं करून विमान उडवायला दिलं. विसांच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. आणि ते विमान होतं, परातीतली गोटी. हेलिकॉप्टर तर पालथ्या परातीवरचं.

२६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं, नऊ जण गेले. पायलट अनुभवी होता. ढगात शिरल्यावर त्यानं कंट्रोलरला सांगितलं की मी वर चढतोय. तपासात निघालं, की त्या क्षणी यंत्र वळत वळत खाली झेपावत होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

या रोगावर औषध जुनं आहे. भोवरा. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, त्याच्याभोवती काहीही हलो. लॉरेन्स स्पेरी नावाच्या पोरसवदा अमेरिकनानं १९१४ साली पॅरिसला असेच भोवरे विमानात बसवले, ते विमानाच्या पंखांना जोडले, आणि हजारो लोकांसमोर दोन्ही हात वर करून उडून दाखवलं. त्याचा मेकॅनिक तर चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. म्हणजे विमानाला ऑटोपायलट मिळाला तेव्हा सिकोर्स्कीचं पहिलं हेलिकॉप्टर जमिनीवरून उचललं जायला पंचवीस वर्षं बाकी होती.

हेलिकॉप्टरमध्ये हे काम थरांनी होतं. सगळ्यात खालचा थर म्हणजे स्थैर्य राखणारी यंत्रणा. यंत्र किती वेगानं कलतंय हे गायरो मोजतात. आता ते खरोखर फिरणारे भोवरे असायची गरज राहिलेली नाही, तसल्या नखाएवढ्या चिपा मोबाईलमध्येही असतात. दांडी आणि स्वॅशप्लेट यांच्या मधल्या जोडणीत बसवलेल्या छोट्या मोटरी लगेच उलट दिशेला बारीकसा धक्का देतात. पायलटच्या हाताला ते कळतही नाही. वरचा थर यंत्राचा कल धरून ठेवतो. पायलटनं एकदा नाक जिथे ठेवलं तिथेच ते राहतं, झोत आला तरी परत येतं. म्हणजे पालथी परात सुलटी होते. त्याच्याही वर खरा ऑटोपायलट. उंची धर, दिशा धर, वेग धर, उतरायच्या मार्गावर ये. मोठ्या यंत्रांत तो डावी दांडीसुद्धा सांभाळतो.

यात एक शहाणपण आहे ते मुद्दाम सांगतो. खालच्या थरातल्या त्या छोट्या मोटरींना मुद्दामच पूर्ण सत्ता दिलेली नसते. दांडीच्या एकूण हालचालीच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंतच त्यांचा हात पोचतो. बिघडून एका बाजूला अडकल्या तरी पायलटला त्यांच्यावर मात करता यावी म्हणून. तेव्हा "सारं ऑटोमॅटिक" हे वाक्य किती खरं ते बघा. सगळ्यात चांगल्या यंत्रातही त्या मोटरींना माणसाच्या हाताखालीच ठेवलेलं असतं. आणि खालची लोखंडी साखळीच तुटली तर वरची सगळी हुशारी वाया. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले, तपासात स्वॅशप्लेटला तडा गेल्याचं पुढे आलं. तिथे कुठला ऑटोपायलट काय करणार?

आता मूळ भांडणाकडे येतो. आंतरराष्ट्रीय नियम असा, की एकट्या पायलटला ढगात, उपकरणांवर उडायचं असेल तर ऑटोपायलट हवाच. पण डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे 'दिसतंय तोवर', उडायचं असेल तर ही सक्ती लागू होत नाही. कागदावर हे तर्काला धरून आहे. जो ढगात जाणारच नाही त्याला ढगातलं औषध कशाला? पण केदारनाथची दरी कागद वाचत नाही. साडेतीन हजार मीटरवरचं देऊळ, खाली मंदाकिनीची चिंचोळी दरी. निघताना लख्ख, आणि पाच मिनिटांत समोर पांढरी भिंत. मागे वळायला जागा नाही. १८ ऑक्टोबर २०२२ ला तिथेच गरुडचट्टीजवळ धुक्यात सात जण गेले. जून २०२५ च्या अपघातानंतरही पहिल्या माहितीत जे कारण आलं ते हेच, खराब हवामान आणि न दिसणं. 'तो ढगात जाणार नाही' या गृहीतकावर नियम उभा आहे, आणि माणसं मरतात ती ढगात गेल्यावर.

यावर तीन आक्षेप येतात, ते मला ठाऊक आहेत.

पहिला, वजनाचा आणि खर्चाचा. एवढ्या उंचीवर हवा विरळ, एकेक किलोचा हिशेब, प्रवाशालाही काट्यावर उभं करून मोजतात. खरं आहे. पण ऑटोपायलट म्हणजे कपाटाएवढी पेटी ही जुनी गोष्ट झाली. बेल ४०७ सारख्या एक-इंजिनी हेलिकॉप्टरसाठी हेलिसास नावाची यंत्रणा मिळते, ती सात किलोच्या आत बसते आणि हरवलेल्या यंत्राला बऱ्यापैकी सपाट करून देते. केदारनाथला जाणारी हेलिकॉप्टरं बहुतेक याच एक-इंजिनी जातीची. सात किलो म्हणजे एका यात्रेकरूचं सामान. खर्च तिकिटावर टाका. ज्याला चालत चढायचं नाही तो देईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ऑटोपायलट असूनही लोक मेलेत. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ व्ही-५ पडलं. मोठं यंत्र, हवाई दलाचे निवडक वैमानिक. चौकशीत निघालं ते असं, की दरीत अचानक ढग आले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि चालतं, धडधाकट यंत्र डोंगरावर जाऊन आदळलं. कोबी ब्रायंटच्या सिकोर्स्कीतही ऑटोपायलट होता. मग काय उपयोग?

उपयोग आहे, पण तो कशाचा ते नेमकं समजून घ्यायला हवं. ऑटोपायलट यंत्र सरळ ठेवतो. समोरचा डोंगर त्याला दिसत नाही. डोंगरासाठी भूभागाचा इशारा देणारं उपकरण लागतं, आणि त्याहून आधी 'इतक्या दृश्यमानतेच्या खाली उडायचं नाही' हा पाळला जाणारा नियम लागतो. यंत्र सरळ राहिलं की पायलटला विचार करायला मिनिटभर मिळतं, एवढंच. पण ते मिनिटही सवय असेल तरच वापरता येतं. ब्रायंटचं हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीला फक्त 'दिसतंय तोवर' उडायचीच परवानगी होती. जे औषध कधी घ्यावं लागणार नाही असं आपण ठरवून टाकलेलं असतं, त्याची बाटली ऐन वेळी सापडत नाही. म्हणून यंत्र आणि सराव या दोन गोष्टी एकत्रच मागायला हव्यात. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २००९ सालीच हवाई रुग्णवाहिकांबद्दल सांगितलं होतं, की दुसरा पायलट नसेल तर ऑटोपायलट सक्तीचा करा आणि तो वापरायला शिकवा. २०१४ ला तिथे नवे नियम आले, त्यात ही सक्ती आली नाही. म्हणजे डोळेझाक करण्यात आपण एकटे नाही, याचं समाधान मानायचं असेल त्यानं मानावं.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, "इतकं कोण बघतो हो?" तर बघणारे बघतात. मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींवर इंजिनियरांना नेणारी हेलिकॉप्टरं बघा. दोन इंजिनं, दोन पायलट, ऑटोपायलट. तिथेही अपघात झाले. १३ जानेवारी २०१८ ला डॉफिन पडून सात जण गेले, २८ जून २०२२ ला सिकोर्स्की समुद्रात उतरलं आणि नऊपैकी चौघे गेले. कुठलंही यंत्र अमर करत नाही. पण निदान तिथे ही साधनं यंत्रात बसलेली असतात, कारण गिऱ्हाईक मोठं आहे आणि त्याला काय मागायचं ते कळतं. यात्रेकरू सुटा असतो. तो वर्षाचे पैसे साठवून आयुष्यात एकदा येतो, रांगेत उभा राहतो, तिकीट मिळालं यातच धन्य होतो. त्याच्या वतीनं मागणी कोण करणार? सरकारनं करायची असते. तेवढ्यासाठीच ते असतं.

आणि आता 'पायलटची चूक'. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात रावत यांच्या अपघाताचं कारण छापून आलं, मानवी चूक, वैमानिकाची. पूर्वीच्या चौकशीत निदान ढग आणि दिशाभ्रम तरी होते. तक्त्याच्या रकान्यात तेही उरले नाहीत. माझं म्हणणं असं नाही, की पायलट चुकत नाहीत. चुकतात. पण जी चूक माणसाच्या कानाच्या रचनेतच आहे, जी १९५४ पासून मोजलेली आहे, जिच्यावरचं औषध सात किलोचं आहे, तिला नुसती 'पायलटची चूक' म्हणून फाईल बंद करणं ही आळशी चौकशी आहे. गिरणीत पट्ट्यावर जाळी न बसवता कामगाराचा हात गेला, तर 'त्यानं हात घातला' एवढं लिहून कोणी थांबतं का? निदान आता थांबू देत नाहीत. गिरण्यांच्या गावातला माणूस म्हणून एवढं मला नक्की माहीत आहे. मेलेला पायलट तर उत्तर द्यायलाही नसतो, त्याच्यासारखा सोयीचा आरोपी नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. डोंगरात पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या, एका पायलटच्या प्रत्येक हेलिकॉप्टरला कल धरून ठेवणारी यंत्रणा सक्तीची करा, तारीख घालून. अचानक ढगात शिरल्यावर काय करायचं याचा सराव दरवर्षी, खऱ्या उपकरणांवर घ्या. हवामान पाहून उड्डाण नाकारणाऱ्या पायलटचा एक रुपया कापला जाणार नाही अशी लेखी हमी द्या, कारण दिवसाच्या फेऱ्यांचा आकडाच पगार ठरवू लागला तर भोवराही काही करू शकत नाही. आणि पुढे कधी अपघात झालाच, तर अहवालाच्या पहिल्या पानावर छापा: यंत्रात ऑटोपायलट होता का, चालू होता का, पायलटनं तो शेवटचा कधी वापरून पाहिला होता.

२०२५ च्या अपघातानंतर नियंत्रण कक्ष, हवामानाचे कॅमेरे यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं, काही झालंही. चांगलंच आहे. ढग येतोय हे आधी कळायला त्याचा उपयोग होईल. ढगात सापडलेल्या एकट्या माणसाच्या हातात मात्र त्यातलं काहीच नसतं.

आपल्याकडूनही एक काम होण्यासारखं आहे. यात्रा बुक करणाऱ्या एजंटला आपण विचारतो, जेवण घरगुती आहे का, गरम पाणी मिळेल का. त्यात एक प्रश्न वाढवा. "हेलिकॉप्टरला ऑटोपायलट आहे का?" त्याला उत्तर येणार नाही. पहिल्या दहा जणांना हसण्यावारी नेईल. शंभराव्या वेळी तो वरच्याला फोन लावेल. सीट-बेल्ट, एअरबॅग हे शब्दही कधी काळी आपल्याला परकेच होते की.

पाऊस ओसरला की दिवाळीपर्यंत इकडून पुन्हा गाड्या भरून लोक केदारनाथला निघतील. जावं, अवश्य जावं. फक्त नशिबावर जेवढं सोडायचं तेवढंच सोडावं. उरलेलं विचारून घ्यावं.